देठासकट

“दादा, कमरेला हातबॉम्ब लावलेला असताना तू संडासला कसा बसतोस?”

आता हा प्रश्न काही ज्ञानेश्वरीच्या डोक्यातला नव्हता. तोंड तिचं, पण डोकं तिच्या मैत्रिणींचं, आरोही आणि सानवीचं. दोघी सकाळपासून तिच्या मागे लागल्या होत्या. “काय गो, तू आता स्टेजवाली बाई ना? मग विचार की! नाय विचारलंस तर आजपासून परत मुकी.” आणि ‘मुकी’ हा शब्द ऐकला की ज्ञानेश्वरीच्या अंगाला खाजकुयली लागायची. कारण जानेवारीपर्यंत ती खरोखरच वर्गातली मुकी होती. हजेरीला तिच्या वतीने शेजारणीने ‘हजर’ म्हणावं, इतकी. मग स्नेहसंमेलनात निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला, बाईंनी समोर जी दिसली तिच्या हातात माईक कोंबला, आणि त्यातून जो आवाज बाहेर पडला तो ऐकून ज्ञानेश्वरी स्वतःच दचकली. तेव्हापासून तिचं तोंड मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं. आई म्हणायची, “नववीपर्यंत साठवून ठेवलंन, ते सगळं आता काढतेय.”

तर तिने विचारलं. चांगलं खणखणीत, रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जाईल असं.

भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की उजव्या हाताला बाबांचं दुकान लागतं. रिक्षाचे हूड, सीटची कव्हरं, होड्यांवरच्या ताडपत्र्या, टेम्पोचे पडदे, असलं सगळं जाडजूड शिवायचं काम. मागच्या दाराने बाहेर पडलं की घर. हर्षददादा, फौजेतून सुट्टीवर आलेला तिचा मोठा भाऊ, दुकानाच्या पायरीवर बसून कुरिअरने आलेलं एक पार्सल ब्लेडने फाडत होता. हूड बदलायला आलेल्या रिक्षाच्या आड आरोही आणि सानवी लपल्या होत्या. प्रश्न संपला आणि रिक्षा गदागदा हलायला लागली, इतक्या त्या हसत होत्या.

दादा हसला नाही.

त्याने ब्लेड खाली ठेवलं आणि विचारलं, “तुला कोणी सांगितलं?”

“काय?”

“रितेशचं.”

“कोण रितेश?”

दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की पोरीला काही ठाऊक नाही, नुसता वात्रटपणा आहे. पण तोंडातून नाव निघून गेलं होतं, आणि ज्ञानेश्वरीला एखाद्या गोष्टीचा वास लागला की ती सोडणाऱ्यातली राहिलेली नव्हती. “सांग ना. सांग ना रे. कोण रितेश?”

“आमच्या सेक्शनमधला पोरगा,” दादा म्हणाला. “गाडी थांबली, सगळे खाली उतरलो. हा झुडपाआड बसायला गेला. कमरेचा पाऊच मांडीला दाबला गेला, झाकण उघडलं आणि आतलं निघालं बाहेर. उतारावरून घरंगळत आमच्या पायांपर्यंत आलं.”

रिक्षा हलायची थांबली.

“मग?”

“मग काही नाही. पिन जागेवर होती. काहीच झालं नाही.” तो परत म्हणाला, “काहीच झालं नाही.”

सानवी रिक्षाआडून बाहेर आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. “सॉरी दादा. पैज आमची होती.”

“सॉरी कसली गो? प्रश्न बरोबर आहे तुमचा. आमच्यात आधी कोणी विचारलाच नव्हता.”

झालं! ते वाक्य ज्ञानेश्वरीच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत. भात पुढ्यात निवला. आमटीत मीठ आहे की नाही हे आईने विचारलं तर म्हणाली, “उतार केवढा होता पण?” मधेच उठून दुकानात जायची, दादाला एक प्रश्न विचारायची, परत यायची, निम्म्या वाटेवर दुसरा आठवला की परत जायची. त्यातून तिला कळलं ते असं. दादाच्या सेक्शनला नवी जॅकेटं मिळाली होती आणि त्यांच्यावर जुने पाऊच नीट बसत नव्हते. मग पोरांनी आपापल्या आवडीचे विकत घेतले. रितेशचा सगळ्यांत झोकदार होता. तो प्रकार झाल्यावर त्यांचे उस्ताद, म्हणजे सेक्शनला शिकवणारे साहेब, भडकले. दहाही जणांचे पाऊच एकसारखे पाहिजेत, मी पास करीन तेच लागतील, नाहीतर जुनंच जॅकेट घालून फिरा, म्हणाले. आणि हर्षदचे बाबा शिवणकाम करतात ना? मग निवडायचं काम हर्षदच्या गळ्यात.

पार्सलातून तीन पाऊच निघाले होते. पहिला वरून उघडाच, फक्त एक इलॅस्टिकचा पट्टा. हात घातला की वस्तू हातात. दुसऱ्याला चरचरणाऱ्या चिकटपट्टीचं झाकण. तिसरा चांगला खोल, प्लॅस्टिकच्या क्लिपचा.

“हा भारी!” आरोहीने उघडा पाऊच उचलून कमरेला लावला. “गेममध्ये हाच असतो.”

“आमच्या पोरांनाही तोच आवडलाय,” दादा म्हणाला. “फोटो पाठवला तर सगळ्यांचे अंगठे त्यालाच.”

बाबा रिक्षाच्या हूडला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मशीन थांबवली. हे मोठंच नवल. दादा फौजेत गेला तेव्हा बाबांना ते आवडलं नव्हतं. भांडले नाहीत, अडवलं नाही, फक्त त्या विषयावर बोलणं सोडून दिलं. दादा सुट्टीवर आला की विचारायचे, गाडीला गर्दी होती काय, आणि जाताना म्हणायचे, पोचलास की फोन कर. मधल्या सगळ्या वर्षांबद्दल एक अक्षर नाही. आता त्यांनी तिन्ही पाऊच हातात घेतले, उलटे केले, टाके ओढून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

“केवढा असतो?” त्यांनी विचारलं.

दादाला आधी कळलंच नाही. “काय, बाबा?”

“तें. आत ठेवतात तें.”

दादाने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात आईने बागेतून आणलेल्या आंब्यांची करंडी होती. त्यातला एक काढून त्याने मशीनवर ठेवला. “एवढाच, बाबा. याहून थोडा जड. वर कडी असते, इथे देठाच्या जागी.”

बाबांनी गळ्यातली टेप काढून आंब्याचं माप घेतलं. लांबीचं, घेराचं, देठाच्या उंचीचं. कोणी शर्टाचं माप घ्यावं तसं. ज्ञानेश्वरीला हसू येत होतं, पण दादाचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथा पाऊच तयार. हिरव्या जाड कापडाचा, आतून रबरी अस्तराचा, वर पूर्ण झाकण आणि रिक्षाच्या पडद्याला असतं तसं फिरवून अडकवायचं बटण. आंबा आत असा बसायचा की जणू त्यातच धरला आणि वाढला. फक्त एक होतं. बाबांनी तो रुंद पट्ट्यावर शिवला होता आणि पट्टा असा, की पाऊच यावा बरोब्बर पाठीमागे, कमरेच्या खाली. बागेत जाणारा गडी कोयता अडकवायची आकडी बांधतो ना, नेमका तिथे.

“हात मोकळे पाहिजेत पुढे,” बाबा म्हणाले. “आपल्याकडे कोणी कोयता पोटावर लावून झाडावर चढतो काय?”

दादाने पट्टा बांधला. वाकला, उठला. “एकदम फिट, बाबा,” म्हणाला.

मशीनकडे वळताना बाबांनी खांद्यावरचा पंचा उगाचच झटकला. खूश झाले की ते असं करतात. सगळ्यांनी पाहिलं. पण ज्ञानेश्वरीने आणखी एक पाहिलं. दादाचा हात मागे गेला, बटण शोधू लागला, सापडलं नाही. परत गेला. मग त्याने हात हळूच पुढे आणला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलायला बाहेर गेला, ताठ उभा राहून “जी साब, जी साब” म्हणाला, आत आला आणि आईला म्हणाला, “बोलावलंय. परवा दुपारच्या गाडीने निघतो.”

आईने टीव्ही बंद केला. का बोलावलं, कुठे, कोणी विचारलं नाही. ती लाडवांसाठी रवा भाजायला लागली आणि भाजता भाजता रवा करपला. असा रवा आईचा कधी करपत नाही.

ज्ञानेश्वरीचे पाय एका जागी ठरेनात. झोपाळ्यावर बसली की झोपाळा नको, उभी राहिली की उभं राहणं नको. परवा दादा जाणार आणि जाताना कमरेला काय लावणार? बाबांचा पाऊच. चांगला आहे म्हणून नाही, तर बाबांचा आहे म्हणून. हे तिला लख्ख दिसत होतं. आणि नाही म्हणाला तर मग? मग पोरांच्या आवडीचा, तो उघडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईशेजारी करंडीतले आंबे पेंढ्यावर लावत बसली होती. आई हंगामात बागेत पॅकिंगला जायची, आणि तिचे हात घरीही तेच काम करायचे. आंबा उचल, देठ बघ, ठेव. एका आंब्याचा देठ ज्ञानेश्वरीच्या बोटाला लागून तुटला आणि फस्सकन चीक उडाला.

“हात कापून टाकीन तुझा!” आई ओरडली. “देठ गेला की आंबा गेला. साल भाजते त्याची, डाग पडतो. कोण घेईल तो? इतकं शिकवलंय तुला, झाडावरून पेटीत जाईपर्यंत देठाला धक्का नाही लागला पाहिजे…”

आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत ज्ञानेश्वरी उठून उभी होती.

“आई, चार आंबे दे.”

“कशाला?”

“चांगले दे. लांब देठाचे.”

घरामागे बाबांच्या चुलत्यांच्या बागेचा चिऱ्याचा गडगा, बुटकं दगडी कुंपण, आहे, आणि गडग्यापलीकडे नुसता कातळ. कातळाच्या कडेने करवंदीच्या जाळ्या. चार आंबे, चार पाऊच आणि दोन मैत्रिणी घेऊन ज्ञानेश्वरी तिथे पोचली. मागोमाग दादाही आला, हे काय चाललंय बघायला, आणि गडग्यावर बसला.

“हा आंबा म्हणजे ते,” तिने स्टेजवरच्या आवाजात जाहीर केलं, “आणि देठ म्हणजे पिन. आंबा पडला तर पाऊच नापास. देठ तुटला तरी नापास. चीक आला तर डबल नापास.”

“आणि मी म्हणजे कोण?” सानवीने विचारलं.

“तू शत्रू. ओरडत मागे धाव.”

आधी उघडा पाऊच. ज्ञानेश्वरीने पट्टा आवळला, कातळावरून धूम ठोकली, गडग्यावरून उडी टाकली आणि पायांवर उतरली तेव्हा पाऊच रिकामा होता. आंबा जाळीत कुठे गेला तो सापडलाच नाही. आरोही हिरमुसली. “गेममध्ये नाय पडत,” ती म्हणाली.

मग चिकटपट्टीचा. धावताना काही झालं नाही. पण ज्ञानेश्वरी उकिडवी बसली, नेमकी त्या पहिल्या प्रश्नासारखी, आणि मांडीने झाकणाची कड उचलली. चर्रर्र. सानवी शत्रू असूनही म्हणाली, “अगो बाई!” दादा गडग्यावरून खाली उतरून जवळ येऊन उभा राहिला. चिकटपट्टीत कातळावरची लाल माती आणि वाळकं गवत इतकं बसलं होतं की ती परत दाबली तरी धरेना.

क्लिपचा पाऊच जरा बरा निघाला. उडी झाली, बसणं झालं, आंबा आतच. पण बाहेर काढला तर देठ मोडलेला आणि अस्तराला चीक. “ढगळ आहे,” दादा म्हणाला. “आत हिंदकळतो. हे नको.” आता त्याचा आवाज सुट्टीवरचा राहिला नव्हता. “आता पालथी पड. कोपरांवर पुढे सरक. अशी नाय गो, घोरपडीसारखी! बूड खाली!”

शेवटी बाबांचा. ज्ञानेश्वरी धावली, उडाली, बसली, करवंदीच्या जाळीतून कोपरांवर सरपटत पार गेली. ओढणी काट्यांत राहिली, हाताला ओरखडे उठले, पण मागे हात लावून पाहिलं तर पाऊच जसाच्या तसा. झाकणाला काटासुद्धा अडकला नव्हता. ती उठून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, “बाबा पास!”

“आंबा दाखव,” दादा म्हणाला.

तिने मागे हात नेला. बटण सापडेना. वाकडी झाली, तिरकी झाली, शेपटी धरायला निघालेल्या कुत्र्यासारखी गोल फिरली. शेवटी बटण फिरलं, हात आत गेला, आणि आत काहीच नव्हतं.

“पडला?” ती घाबरून म्हणाली. “कुठे पडला? बटण तर लागलेलं होतं!”

मागून मचमच आवाज आला. आरोही कातळावर फतकल मारून बसली होती आणि आंबा खात होती. “हिरवट आहे गो अजून,” ती म्हणाली. “मीठ पाहिजे होतं.”

“तू कधी काढलास?”

“तू पालथी पडलेलीस तेव्हा. तुला सांगत होते, तुझं लक्षच नाय. काढला आणि बटण परत लावलं. तुला कळलंपण नाय!”

सानवी हसायला लागली. ज्ञानेश्वरीही हसणार होती. पण तिची नजर दादाकडे गेली. त्याने डोळे मिटून घेतले होते.

“म्हणून तू काल गप्प होतास,” ती म्हणाली. “तुला ठाऊक होतं. मागे काय चाललंय ते ज्याच्या कमरेला आहे त्यालाच दिसत नाही. कोणीही काढू शकतो. झाकण उघडं राहिलं तरी कळणार नाही.”

“ज्ञानू, बाबांना काही सांगायचं नाही.”

“म्हणजे तू हाच नेणार?”

“बॅगेत नेईन. याला उस्ताद पास नाही करणार, ते माझं मी बघेन. पोरांना तो उघडाच पाहिजे, तोच मागवून टाकू दहा, आणि वरून दोरी बांधू.”

“दोरी?” तिचा आवाज चिरकला. “रितेशचा बाहेर आला तो उतार विसरलास? दोरी बांधणार म्हणे!”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू! मी नववीपर्यंत हळूच बोलत होते.”

दादाने तिचा हात धरला. “तुला कळत नाही गो. आजपर्यंत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. परवा पहिल्यांदा विचारलंनी. आणि मी त्यांना काय सांगू, तुमचं चुकलं म्हणून?”

ज्ञानेश्वरीने हात सोडवून घेतला. करंडीतून आणलेल्या आंब्यांत धड एकही उरला नव्हता, म्हणून ती आधी घरात गेली, आई बघत नाही असं पाहून एक उचलला आणि तरातरा दुकानात शिरली. मागून दादा “ज्ञानू, ज्ञानू” करत आला. ती थांबली असती तर तिचं धैर्य गळालं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून थांबलीच नाही.

“बाबा, हे जरा बांधा ना. मला बघायचंय.”

“मला कशाला? काम आहे गो बाय.”

“बांधा तरी. एकच मिनिट.”

बाबांनी पट्टा बांधला. तिने आंबा आत ठेवला, बटण फिरवलं. बाबा परत मशीनवर वाकले, हूडची शिवण धरून पाय मारायला लागले. मशीन खडखडत होती. ज्ञानेश्वरी त्यांच्या मागे उभी राहिली. तिने बटण फिरवलं, आंबा काढला, झाकण लावलं, आणि पुढे येऊन तो आंबा देठासकट त्यांच्या सुईशेजारी ठेवला.

बाबांचे पाय थांबले. “हा कुठून आला?”

“तुमच्या पाठीमागून.”

त्यांनी हात मागे नेला. चाचपला. पाऊच बंद होता. उघडायला त्यांना उभं राहावं लागलं, पट्टा फिरवून पुढे घ्यावा लागला. आत रिकामं.

बाबांनी आंब्याकडे पाहिलं, मग ज्ञानेश्वरीकडे, आणि मग दारात उभ्या दादाकडे.

“तुला ठाऊक होतं?”

“होय, बाबा.”

“कालच?”

“होय.”

“मग तोंड शिवलं होतंस काय?”

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, “तुम्ही पहिल्यांदा विचारलंत. केवढा असतो म्हणून.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज पार पुलापर्यंत ऐकू येत राहिला. ज्ञानेश्वरीला वाटलं, संपलं. आता बाबा उठून आत जातील, जेवायला येणार नाहीत, आणि आजपासून मी या घरात पुन्हा मुकी.

“गाढवा,” बाबा म्हणाले. “कोयता गेला तर एक कोयता जातो. तें गेलं तर?” आणि त्यांनी ब्लेड उचलून आपण घातलेले टाके स्वतःच उसवायला सुरुवात केली. कर्र, कर्र, कर्र. “ये इकडे. कुठे पाहिजे तें बोटाने दाखव. लाजू नको. पुढे घेतला तर पालथा पडशील तेव्हा पोटाखाली नाय येणार?”

“पोटावर नको. इथे, डाव्या कुशीला. बगलेच्या खाली.”

“मग उजव्या हाताने बटण कसं फिरवशील? फिरवून दाखव.”

“बटण जरा पुढच्या अंगाला घ्या. अंगठ्याला लागेल असं.”

“आणि आपोआप फिरलं तर?”

“झाकणाच्या आत एक कापडी जीभ ठेवा ना,” ज्ञानेश्वरी मधे घुसली. “बटण सुटलं तरी ती धरून राहील. आपल्या रिक्षाच्या पडद्याला खालून असते तशी.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “पडद्याची जीभ कोण शिवतं?”

“मीच शिवते की सुट्टीत!”

“मग बघत काय उभी राहिलीस?”

दुपार कशी गेली कळलं नाही. नमुना तयार झाला तो यावेळी दादाने स्वतः घातला, कातळावर धावला, गडग्यावरून उडी टाकली, जाळीतून सरपटला, आणि सानवी आणि आरोही दोघी त्याच्या मागे लागूनही आतला आंबा काढू शकल्या नाहीत. उकिडवा बसायची वेळ आली तेव्हा आरोहीने तोंड फिरवलं आणि सगळे हसले, बाबासुद्धा. त्याने न बघता अंगठ्याने बटण फिरवलं, जीभ ओढली, आंबा बाहेर काढला. देठ शाबूत. चिकाचा थेंब नाही. बाबांनी तो आंबा हातात घेऊन उन्हाकडे धरला आणि चारी बाजूंनी तपासला, मग खांद्यावरचा पंचा झटकला.

दादाने व्हिडिओ उस्तादांना पाठवला. उत्तर येईपर्यंत ज्ञानेश्वरीने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला, घेतला आणि ठेवला. दादा म्हणाला, “अगो, बॅटरी संपेल बघून बघून.” शेवटी खरखरीत आवाज आला. “हर्षद, ये ठीक है। आँख के सामने है, हाथ के नीचे है। दसों के लिए यही लाना। और वो लड़की कौन है जो पीछे चिल्ला रही है?”

दादा मोठ्याने हसला. या सुट्टीत पहिल्यांदाच.

पण हसणं ओसरलं आणि सगळ्यांना एकदमच जाणवलं. दहा. आणि गाडी उद्या दुपारी. एक नमुना तयार होता. कापड होतं, बटणं होती, पण एका पाऊचला किती वेळ गेला ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

“होतील तेवढे ने,” आई आतून येत म्हणाली. तिच्या हातात लाडवांचा डबा होता. “बाकीचे मागून पाठवू. उद्या सकाळी लवकर आवरायचं सगळ्यांनी. पावसला स्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊ, तिथून घरी येऊन जेवू आणि सगळे मिळून स्टेशनवर जाऊ. दरवेळी जातो तसे.”

“मागून पाठवाल तोवर आम्ही कुठे असू ठाऊक नाही, आई,” दादा हळूच म्हणाला. “असू दे. चार झाले तरी चार.”

चार. म्हणजे सहा जण तसेच. त्या सहांत कोण? कोणाच्या पाऊचचं झाकण कुठल्या उतारावर उघडणार? ज्ञानेश्वरीला दादा सोडून एकाचंच नाव ठाऊक होतं, आणि तो चेहराही तिने पाहिलेला नव्हता. तरी तिला तो झुडपाआडून उठताना दिसला, बाकीच्यांच्या पायांकडे बघताना.

तिला स्टेशनवर जायचं होतं. दरवेळी ती गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावायची, आणि दादा दारात उभा राहून टोपी काढायचा. या वेळी तर तिला काय काय ओरडायचं होतं, सगळ्या डब्यांना ऐकू जाईल असं.

तिने कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरची रिक्षाची गादी खाली ढकलली, स्टूल ओढलं, बॉबिन काढून त्यात हिरवा दोरा भरायला घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते. कालपासून तिचे पाय एका जागी ठरत नव्हते; आता त्याच पायांखाली मशीन होती.

“आई, बाबा, ऐका. मी उद्या पावसला येत नाही, आणि स्टेशनवरही येत नाही. बाबा, तुम्ही कापायचं आणि बटणं ठोकायची, शिवण माझी. आरोही, सानवी, तुम्ही घरी विचारून या, आंबे घालून तपासायला मला दोघी पाहिजेत. दादा, तू आईबरोबर दर्शनाला जा. आणि गाडीची वेळ झाली की बाबा, तुम्ही असतील तेवढे सगळे घेऊन स्कूटरने निघायचं, शेवटच्याचा दोरा मी दाताने तोडून देईन. पण दहाच्या दहा झाल्याशिवाय मी इथून उठणार नाही.”